पायाशी कोणीतरी

१

पेणला हायवेलगतच्या स्कॅन सेंटरमध्ये तामार अष्टमकर नवीन लागली, तेव्हा एमआरआय मशीनचा आवाज तिला घरी रोह्याला गेल्यावरही कानात ऐकू यायचा. आता इतकी वर्षं झाली होती, की तो आवाज थांबला तरच तिचं लक्ष गेलं असतं. स्कॅन चालू नसतानाही आतला पंप चुक्-चुक्, चुक्-चुक् करत राही; खोलीत एखादं पाखरू अडकावं तसा. काचेच्या अलीकडे तामारची खुर्ची, तिचे पडदे, माईकचं बटण. पलीकडे तो पांढरा बोगदा आणि त्याच्या तोंडातून बाहेर आलेले पेशंटचे पाय.

दिवसभर ती माणसांचे पायच बघायची. भेगाळलेले, मोजे घातलेले, जोडवी काढून ठेवल्यामुळे बोटांवर पांढरे वळ उमटलेले. माणूस घाबरला की आधी पायाचे अंगठे आखडतात, हे तिला आता न बघताही कळायचं.

मंगळवारी आणि गुरुवारी दुपारचं मशीन डॉक्टर सुरभींसाठी राखून ठेवलेलं असे. त्या मुंबईहून यायच्या. मोठ्या माणसांच्या डिप्रेशनवर त्यांचा अभ्यास चालला होता. औषधं सुरू करण्याआधी मेंदूचा एक स्कॅन, काही आठवड्यांनी दुसरा. तुलनेसाठी काही धडधाकट माणसंही घेतली होती, बहुतेक डोलवीच्या स्टील प्लँटवर शिफ्ट करणारी. काम सोपं होतं. पेशंटला आडवं करायचं, डोक्यावर पिंजरा बसवायचा, कानात बोळे, हातात रबरी फुगा, भीती वाटली की दाबायला. मग माईकवरून सांगायचं, "आरशात अधिकचं चिन्ह दिसतंय ना? त्याच्याकडे बघत पडून राहा. झोपू नका. मनात येईल ते येऊ द्या."

खांब गावच्या चंद्रावतीबाई अशाच एका गुरुवारी आल्या. दोन-तीन वर्षं बाई घराबाहेर पडली नव्हती. सून सरू तिला जवळजवळ उचलूनच रिक्षातून घेऊन आली. स्कॅन संपला, तामारने पिंजरा काढला, तेव्हा चंद्रावतीबाईंनी तिचा हात घट्ट धरला.

"बाय, तू पाय धरून बसलीस म्हनून निभावलं गो. नायतर मी कवाच तो फुगा दाबला असता."

"बरं वाटलं ना? झालं तर मग," तामार हसून म्हणाली.

सरू सासूला चपला घालायला घेऊन गेली. तामार टेबलावरची चादर बदलायला लागली आणि चादर झटकता झटकता तिचा हात थांबला. स्कॅन चालू असताना ती खोलीत नव्हतीच. कोणीच नव्हतं. दार बंद होतं.

बाईंना ब्लँकेटचं वजन जाणवलं असेल, असं म्हणून तिने चादर अंथरली.

२

पुढच्या आठवड्यात बुधा आला. रोह्याच्या पलीकडच्या आदिवासी वाडीवरचा, वीटभट्टीवर काम करणारा चाळिशीचा माणूस. त्याची बायको सोनी बरोबर होती. बुधाने कामावर जाणं सोडलं होतं, मग जेवणं, मग बोलणं. गावच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी त्याला सुरभींकडे पाठवलं होतं.

या वेळी तामारने ब्लँकेट घातलंच नाही. बुधाचे पाय उघडेच ठेवले. आतल्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर ते सबंध वेळ तिच्या डोळ्यांसमोर होते. मशीन ठोके घालत होतं, पाय स्वस्थ होते. फक्त मध्येच एकदा डाव्या पायाची आखडलेली बोटं सैल सुटली, एखाद्याने धीर दिल्यावर सुटतात तशी.

बाहेर आल्यावर बुधा टेबलावर बसून राहिला. आपल्या डाव्या पायाकडे बघत तो काहीतरी पुटपुटला. सोनीने कान जवळ नेला.

"काय म्हणाला?" तामारने विचारलं.

सोनी ओशाळली. "इचारतोय, ती बाई कंदी गेली. पाय धरून होती ती."

"तो बोलला?"

"व्हय की! दिवाळीपासनं पयल्यांदा बोलला." सोनीच्या डोळ्यांत पाणी आलं. "कोन व्हती ताई ती? मला तिच्या पाया पडू दे."

तामार पिंजरा जागेवर ठेवू लागली. "नर्स होती. गेली ती," ती म्हणाली.

३

डॉक्टर सुरभींना तिने त्याच संध्याकाळी सांगितलं. त्या हसल्या नाहीत, ही गोष्ट तामारला आवडली.

"मशीनमधलं चुंबक झपाझप बदलत असतं ना, त्याने कधी कधी नसा चाळवल्या जातात," त्या म्हणाल्या. "अंगावर टिचकी मारल्यासारखं वाटतं. होतं असं."

"टिचकी नाही मॅडम. हात म्हणतात."

"माणूस एकटा आत पडलेला असतो, घाबरलेला. टिचकीचा हात होतो."

हे पटण्यासारखं होतं. तामारला हायसंही वाटलं. पण तिच्या मनाला एक गोष्ट टोचत होती. डोलवीच्या धडधाकट माणसांना तिने मुद्दाम विचारलं होतं. त्यांच्यातल्या एकालाही काही जाणवलं नव्हतं. मशीन तेच, ठोके तेच. हात मात्र आजारी माणसांनाच लागत होता.

सुरभींनी दोघांचे स्कॅन उघडले. करड्या रंगाचा मेंदू पडद्यावर फिरला. टाळूच्या खाली, मधल्या फटीशी, एक ठिपका नारिंगी झाला होता, म्हणजे मेंदूचा तो भाग जागा होता. चंद्रावतीबाईंच्या मेंदूतही, बुधाच्याही. त्याच जागी, उजव्या बाजूला.

"ही डाव्या पायाची जागा, मेंदूत बाजू उलट असतात," सुरभी सावकाश म्हणाल्या. त्यांनी आपल्याच डोक्यावर बोट ठेवलं आणि ते टाळूवरून कानाकडे उतरवत नेलं. "इथे पाऊल. मग खाली येत गेलं की गुडघा, कंबर, छाती, हात. अगदी खाली, कानाच्या वर, चेहरा."

"म्हणजे त्यांना खरंच जाणवलं?"

"जाणवलं हे खरं. मेंदू खोटं बोलत नाहीये."

"मग हात कोणाचा?"

"ते यात दिसत नाही गं," सुरभी म्हणाल्या.

४

रोह्याला तामारचं घर अष्टमी गावाच्या बाजूला, नदीपासून दूर नव्हतं. घरात ती आणि तिचे वडील निसीम. धाकटा भाऊ नथानियल इस्रायलला, अश्दोदला. आत्या, काका, चुलत भावंडं सगळी तिकडेच. ज्यूंच्या सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. रोह्यात दहा जण जमेनासे झाल्याला आता जमाना झाला होता. तामार मात्र राहिली, कारण पप्पा जायला तयार नव्हते आणि पप्पांना सोडून जायला ती.

निसीम अष्टमकर स्टेशनातल्या बुकिंग ऑफिसात होते. गमत्या माणूस. गाडी चुकलेल्या माणसाला बसवून चहा पाजणारा. बायको ज्युडिथ गेली, तेव्हा ते खचले नाहीत. रीतीप्रमाणे सगळं केलं, मुलांना सावरलं. त्यानंतर कितीतरी दिवसांनी, सगळं सुरळीत चाललेलं असताना, एका सकाळी ते दाढी अर्धी टाकून उठले आणि मागच्या पडवीत जाऊन बसले. ते बसलेच. तामारने गालावरचा साबण पुसला. "काय झालं पप्पा?" तर म्हणाले, "काही नाही. काहीच नाहीये."

तेव्हापासून ते तसेच होते. वाढलं तर दोन घास खायचे. शुक्रवारी संध्याकाळी तामार शब्बाथचे दिवे लावायची, ते ओठ हलवायचे, त्यातून आवाज यायचा नाही. अलिबागच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी झोप वाढली, बाकी काही नाही. रात्री बाहेरच्या खोलीतून त्यांचा श्वास ऐकू येत नसला, की तामार उठून जाऊन बघायची.

अशात चंद्रावतीबाई दुसऱ्या स्कॅनला आल्या. तामारने त्यांना आधी ओळखलंच नाही. केस विंचरलेले, अंगावर निळं पातळ, चेहऱ्यावर हसू. सरूचा हात न धरता बाई चालत आत आल्या आणि स्वतःहून टेबलावर आडव्या झाल्या.

"लवकर चालू कर गो बाय," त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी तामारने सुरभींपुढे आपल्या वडलांचं नाव काढलं. हाताचं कोडं तिच्या डोक्यात नव्हतं असं नाही. पण डोळ्यांसमोर ते निळं पातळ होतं.

"घरच्या माणसाला घेताना मला जरा विचार करावा लागेल," सुरभी म्हणाल्या. केला त्यांनी विचार, आणि हो म्हणाल्या.

५

पप्पा येणार नाहीत असं तिला वाटलं होतं. पण ते मुकाट्याने शर्ट बदलून उभे राहिले. मेमू गाडीतून पेणला येताना खिडकीबाहेर बघत त्यांनी एवढंच विचारलं, "तू असशील ना तिथे?"

"काचेपलीकडे असेन, पप्पा. तुमचे पाय मला दिसत राहतील."

तिने स्वतः त्यांच्या डोक्यावर पिंजरा बसवला. स्वतः दार लावलं. काचेअलीकडे बसून तिने कॅमेऱ्याच्या पडद्यावरून डोळे हलवले नाहीत. पप्पांचे पाय बारीक झाले होते, घोट्याची हाडं वर आली होती. मशीनचे ठोके सुरू झाले. ठक्-ठक्-ठक्-ठक्, मग घरघर, मग पुन्हा ठोके. खोलीत कोणी नव्हतं. कोणीच नव्हतं. ती हे मनाशी म्हणत राहिली, आणि डाव्या पायाची बोटं सैल झाली ती तिने पाहिली.

बोगद्यातून बाहेर आल्यावर पप्पा तिच्याकडे बघत होते. तिच्याकडे, तिच्यातून पलीकडे नव्हे. किती महिन्यांनी.

"हात किती गार तुझा," ते म्हणाले. "एसी कमी करायला सांग त्यांना. आजारी पडशील."

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. पण पप्पा तिची काळजी करत होते.

"हो पप्पा," ती म्हणाली, "सांगते."

त्या रात्री ते जेवले. पोळीचा तुकडा मोडून आमटीत बुडवला, मीठ कमी आहे म्हणाले. शुक्रवारी नथानियलचा फोन आला, तर त्याच्याशी बोलले, नातवाची चौकशी केली. नथानियल नंतर तामारशी बोलताना रडला. "ताई, तू काय जादू केलीस?" तामारही रडली. पडवीत पप्पा गुणगुणत होते. तिला वाटलं, कोणाचा का हात असेना.

६

दिवस बरे चालले होते, आणि एका दुपारी सरू सेंटरच्या दारात येऊन उभी राहिली. एकटीच.

"मॅडम हायत?"

"आज नाहीत त्या. सासूबाई कशा आहेत?"

"बऱ्या हायत." सरू पदराचं टोक पिळत राहिली. "रडत नाय. झोप लागते. पन ताई, त्या खाटेवरनं उठत नाय. भिंतीकडं सरकून बसतात, ह्या बाजूला जागा सोडून. डावा पाय पुढं केलेला. मी अंथरून काढाया गेले तर माझ्या अंगावर वराडल्या, थितं बसू नको."

"दुखतंय का काही?"

"नाय गो. हसतात." सरूने पदर सोडला. "आदी रडायच्या तवा मला कळायचं काय करायचं ते. जवळ घ्यायचं. आता काय करू?"

तामारने सरूला बाकावर बसवलं. तिने सुरभींना फोन लावला. तिकडूनही बातमी तीच होती. बुधाच्या सोनीने वाडीवरच्या कोणाच्या तरी फोनवरून त्यांना सांगितलं होतं, की बुधा बसल्या जागचा हलत नाही. उठवायला गेलं तर गयावया करतो. म्हणतो, उठलो तर सोडंल ते.

"मॅडम, चंद्रावतीबाईंचा दुसरा स्कॅन?"

सुरभींनी आधी कागदावरचं वाचून दाखवलं. "प्रश्न विचारले तर त्या बऱ्या झाल्यात. उदास वाटतं का, नाही. जीव नकोसा होतो का, नाही. माझ्या हिशोबाने औषध लागू पडलंय." मग त्यांचा आवाज उतरला. "पण ती नारिंगी जागा वाढलीये, तामार. कमरेच्या वर आलीये. मी सध्या नवीन कोणाला घेत नाही."

"आणि पप्पा?"

"ते कसे आहेत?"

"छान आहेत," तामार म्हणाली. म्हणतानाच तिला आठवलं, की सकाळी पप्पा पडवीतल्या आरामखुर्चीत बसले होते, एक पाय पुढे करून.

७

त्या दिवशी ती दुपारच्याच गाडीने घरी आली. पडवीत ऊन उतरलं होतं. पप्पा तिथेच होते. दाढी केलेली, केस बसवलेले, चेहरा शांत. डावा पाय लांब केलेला, टाच फरशीला न टेकता किंचित वर. माणूस असा पाय अधांतरी किती वेळ ठेवू शकतो? पप्पांच्या मांडीला थरथरही नव्हती.

"पप्पा, आत चला. ऊन लागतंय."

"बसू दे गं. बरं वाटतंय."

तामार त्यांच्यासमोर फरशीवर बसली. तिचं मन एकीकडे सांगत होतं, हा आजाराचाच एक प्रकार आहे, स्नायू ताठरतात, पुस्तकांत लिहिलेलं आहे. दुसरीकडे तिला वाटलं, माझ्याच हाताची त्यांना आठवण आहे ना. मग माझाच हात देते. तिने त्यांचं डावं पाऊल धरायला दोन्ही हात पुढे केले.

"हा नको," पप्पा म्हणाले. रागाने नव्हे, बसमध्ये शेजारची सीट धरून ठेवलेली असावी तसे. "इथे जागा नाहीये. दुसरा धर."

तामारचे हात तसेच राहिले.

"पप्पा," ती म्हणाली, "तिथे मशीनमध्ये मी तुमचा पाय धरला नव्हता. मी खोटं बोलले. मी बाहेर होते."

"माहीत आहे," पप्पा म्हणाले.

"कधीपासून?"

"तुझे हात गरम असतात."

मग ते तिच्याकडे बघून हसले. त्या हसण्यात आजार नव्हता, दुःखही नव्हतं. तामार उजवा पाय धरून संध्याकाळपर्यंत बसून राहिली. तिच्या हातातला पाय ऊबदार होता, माणसाचा होता. दुसऱ्या पायाकडे तिने पाहिलं नाही.

पुढच्या आठवड्यात पप्पांनी गुडघा वाकवणं बंद केलं. त्याच्या पुढच्यात त्यांना उठवून न्यायला शेजारचा हरेश आणि त्याचा भाऊ सुभाष लागू लागले. "काका वजनाला एवढे कसे?" हरेश घाम पुसत म्हणाला. "अंगात तर काय ऱ्हायलेलं नाय." मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. रक्त, नसा, पाठीचा कणा, सगळं नीट. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "आजोबा, उदास वाटतं का?" पप्पा म्हणाले, "मुळीच नाही."

८

शेवटी सुरभी स्वतःच म्हणाल्या, की एकदा बघू या कुठवर आलंय. तामारने होकार दिला. घरी बसून बघत राहणं तिला आता सोसत नव्हतं.

"पण या वेळी मी आत बसणार," ती म्हणाली. "पेशंटचं माणूस बसतंच की."

काचेअलीकडे तिच्या खुर्चीवर दुसरा टेक्निशियन महिपती बसला, मागे सुरभी उभ्या राहिल्या. तामारने कानातले काढले, कानांत बोळे घातले, वर हेडफोन चढवले. पप्पांना आडवं केलं तसे त्यांचे डोळे मिटले गेले. टेबल आत सरकलं. दाराचा जड आवाज झाला आणि पेण, हायवे, जग बाहेर राहिलं.

आतून ती खोली वेगळी होती. इतकी वर्षं तिने ती काचेतून पाहिली होती. चुक्-चुक् हा पंपाचा आवाज इथे अंगावर यायचा. जवळच कोणीतरी जिभेने चुकचुकत असल्यासारखा. मग ठोके सुरू झाले आणि बाकी काही उरलं नाही.

पप्पांच्या पायांवर ब्लँकेट होतं. तामार टेबलाच्या टोकाशी स्टूलवर बसली. तिने आधी उजवा पाय धरला, ब्लँकेटवरून. तो गार होता. पूर्वी नव्हता. तेव्हा तिच्या मनात जे आलं, ते तिने ठरवून केलं नाही. आपलं माणूस कोणी ओढून नेत असेल तर हात आपोआप जातो, तसा तिने डावा हात ब्लँकेटखाली घातला आणि पप्पांचं डावं पाऊल धरलं.

धरलं म्हणजे, धरायला गेली. तळहाताखाली पाऊल लागायच्या आधी बोटं लागली. सरळ, लांब, ओल्या कपड्यासारखी गार बोटं, पप्पांच्या पावलाभोवती नीट बसलेली. तिचा हात त्यांच्यावर तसाच पडून राहिला. आणि मग ती बोटं हलली. झटकली नाहीत, आवळली नाहीत. जरा सरकली, तिच्या हाताला जागा करून दिल्यासारखी.

किती वेळ गेला ते तिला कळलं नाही. सोडलं तर पप्पांजवळ फक्त तेच उरेल, हा एकच विचार तिच्या डोक्यात होता. म्हणून तिने सोडलं नाही. हात कोपरापर्यंत बधिर झाला तरी सोडलं नाही. ठोके थांबले, दार उघडलं, महिपतीने तिला खांद्याला धरून मागे ओढलं, तेव्हा ब्लँकेट खाली घसरलं. टेबलावर पप्पांचे दोन पाय होते, बाकी काही नव्हतं.

बाहेर सुरभी खुर्चीवर बसल्या होत्या. कॅमेऱ्याचा पडदा त्यांनी बंद केलेला होता.

"मी माईकवरून सारखी ओरडत होते, बाहेर ये, बाहेर ये," त्या म्हणाल्या. "का नाही आलीस?"

"ऐकू आलं नाही. काय दिसत होतं पडद्यावर?"

"तुझी पाठ दिसत होती."

"आणि?"

सुरभींनी महिपतीकडे पाहिलं. तो उठून पाणी आणायला गेला तो लवकर आला नाही.

"तामार," सुरभी म्हणाल्या, "आता कानापर्यंत, चेहऱ्याच्या जागेपर्यंत आलंय." त्यांनी आपला हात गालाला लावला होता आणि त्यांना ते कळतही नव्हतं. "मला कोणाला विचारावं तेच सुचत नाहीये."

९

अभ्यास बंद झाला. मशीन बनवणाऱ्यांची माणसं येऊन तपासून गेली. त्यांना काही सापडलं नाही. सुरभींचा सुरुवातीला रोज फोन यायचा, मग आठवड्याने, मग त्या नुसता मेसेज करू लागल्या: कसे आहेत? तामार लिहायची: तसेच. चंद्रावतीबाई आणि बुधाही तसेच होते. सोनी एकदा रोह्याच्या बाजारात भेटली. करवंदांची पाटी खाली ठेवून ती तामारसमोर उभी राहिली. पाया पडायचं तर नावच नाही. मग पाटी उचलून गेली.

तामारने सेंटरमध्ये सांगून एक्स-रेचं काम मागून घेतलं. नोकरी सोडणं तिला परवडणारं नव्हतं, आणि घरी राहून तरी काय करणार होती?

नथानियल व्हिडिओ कॉल करायचा. "पप्पा किती शांत दिसतात गं," तो म्हणायचा. तामार हो म्हणायची. दिसायचे खरेच. नितळ चेहरा, कपाळावर एक आठी नाही. बोलायचेही, विचारलं तर. फक्त उत्तर यायला जरा वेळ लागायचा. प्रश्न झाला की पप्पा मान किंचित डावीकडे कलती करायचे, थांबायचे, आणि मग बोलायचे. नथानियलला वाटायचं नेटवर्कमुळे होतंय.

एका रविवारी सकाळी तामार ताट घेऊन पडवीत गेली. आंबोळी केली होती, वर नारळाचा रस, पप्पांना आवडायचा तसा. नदीवरून वारा येत होता. खुर्चीच्या डाव्या बाजूला ती आता उभी राहत नसे. उजवीकडून वाकून तिने ताट धरलं.

"पप्पा, खाणार ना?"

पप्पांनी मान कलती केली. थांबले.

"नाही म्हणतंय," ते म्हणाले.

ताट तिच्या हातात तसंच राहिलं. पडवीत वाऱ्याशिवाय आवाज नव्हता. तामारने ताट खाली ठेवलं, त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि त्यांचा चेहरा आपल्या दोन्ही हातांत धरला.

"आणि तुम्ही, पप्पा? तुम्ही काय म्हणता? मला तुमचं सांगा."

या वेळी त्यांनी मान कलती केली नाही. ते सरळ तिच्याकडे बघत होते. बुबुळं हलली, डोळे भरून आले, आणि त्या पाण्याआडून तिला तिचे पप्पा दिसले, अर्धी दाढी टाकून उठले होते त्या सकाळचे. किती घाबरलेले होते ते. त्यांचे ओठ थरथरले, उघडले, आतून जिभेने एक अक्षर जुळवायला घेतलं. ते तिच्या नावाचं होतं.

"हो पप्पा, हो. बोला."

तिच्या हातांत त्यांचे गाल गार पडत गेले. मग आधी वरचा, मग खालचा, झोपलेल्या मुलाचं तोंड कोणी हळूच मिटवावं तसे, त्यांचे ओठ मिटले गेले.